पावडरचा मोजा

"माझ्या नवऱ्याचे डोळे गेले, आणि पोलीस म्हणतात मीच घालवले." विदूषकाची बायको खुर्चीत टेकायच्या आतच बोलली.

तिचा नवरा लंबू आणि त्याचा जोडीदार गिड्डू मुलांच्या वाढदिवसांना खेळ करत. लंबू जादू दाखवायचा. गिड्डू पडायचा, मार खायचा, तोंडावर केक झेलायचा. दोघं तोंडाला पांढरा रंग फासत आणि तो घामाने ओघळू नये म्हणून वर पावडर थोपटत. पावडर जुन्या मोज्यात भरलेली, दोघांत एकच मोजा. काल तिच्यात चुन्याची पूड निघाली. नाचून घाम सुटला, चुना डोळ्यांत उतरला आणि लंबू किंचाळत लोळला. मुलं मात्र टाळ्या पिटत राहिली.

"मोजा कोण भरतं?" गुप्तहेर बाईंनी विचारलं.

"मीच. सकाळी भरून पेटीत ठेवते."

"संपलंच की, वहिनी," बाईंचा दीर कुजबुजला. आरोपी ठरवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, मग तो चुकीचा का असेना.

वाढदिवसाच्या घरची मालकीण म्हणाली, "दोघांनी खोलीचं दार लावून रंग लावला. तिसरं कुणी आत गेलं नाही."

गिड्डूच्या घरी कालचा अंगरखा खुंटीवर होता. दिराने हात लावला, तर बोटं पांढरी झाली.

"घामाने सगळा रंग कॉलरवर उतरला हो," गिड्डू म्हणाला.

"पावडर लावली होती?"

"रोजच्यासारखी, त्याच मोज्याने. माझं नशीब थोर म्हणून वाचलो."

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना इस्पितळात बोलावलं. लंबूच्या खोलीबाहेर फौजदारही उभे होते.

"हिने चुना भरला असता तर दोघंही भाजले असते," बाई म्हणाल्या. "गिड्डू भाजला नाही. पावडर बसलेला रंग ओघळत नाही, याचा मात्र पार उतरला. म्हणजे काल याने पावडर लावलीच नाही, आणि आपल्याला लावली म्हणून सांगितलं. मोज्यात काय आहे हे फक्त यालाच ठाऊक होतं."

गिड्डूने मान खाली घातली नाही. "अकरा वर्षं मीच पडलो. एकदा तरी तू पड म्हटलं, तर म्हणाला, तुझ्या थोबाडाला तेच शोभतं. काल पडला. मुलं काय हसली!"



आतून लंबूची हाक आली. "गिड्ड्या, तुझाच आवाज ना? ये रे. आता मला जादू जमायची नाही. पडायचं काम मी करीन. पण मला सोडून जाऊ नकोस."

फौजदारांनी गिड्डूसाठी बेड्या बाहेर काढल्या. लंबूच्या बायकोने त्यांना थांबवलं, गिड्डूचा दंड धरला आणि त्याला खाटेपाशी नेऊन उभं केलं.

"सांग त्याला," ती म्हणाली. "तुझ्याच तोंडाने सांग."