मागचं डावं चाक

जिन्यातला दिवा राहू दे, तेवढा पुरे. आणि कुणाला पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन या, नंतर उठायचं नाही. एकदा सांगायला लागलो की मध्ये थांबलेलं मला चालत नाही.

ही गोष्ट ज्याच्याबाबतीत घडली तो माणूस अजून धडधाकट आहे. बस डेपोच्या मागे त्याचं पंक्चरचं दुकान आहे. मी तीस वर्षं बस चालवली, त्यातली निम्मी चाकं त्याच्या हातून गेलेली. आम्ही त्याला हवालदार म्हणतो. पोलिसातला नव्हे, हवेतला. थापा मारणारा माणूस नाही. उलट चार वेळा विचाराल तेव्हा एकदा बोलेल. ही गोष्ट त्याने मला सांगितली ती चार वर्षांपूर्वी, आणि तीही दोन बैठकांत.

तर झालं असं, की नाक्यावरचे औषधवाले आहेत ना, ते एका सकाळी त्याच्याकडे गाडी घेऊन आले. साधी गाडी, पाच सीटांची. म्हणाले, "हवालदार, मागचं डावं चाक बघा जरा. रोज हवा उतरते."

हवालदाराने मीटर लावला. चोवीस. बाकी तिन्ही चाकांत बत्तीस.

"पंक्चर असेल. तासाभराने या."

चाक काढलं, पाण्याच्या टाकीत बुडवलं, सावकाश फिरवलं. एक बुडबुडा नाही. व्हॉल्व्हवर थुंकी लावून पाहिली, काही नाही. तरी आतली पिन बदलली. टायर रिमवरून उतरवून कड घासली, पुन्हा बसवला. बत्तीस हवा भरली आणि गाडी देऊन टाकली.

दुसऱ्या सकाळी औषधवाले पुन्हा दारात. चोवीस.

आता हे हवालदाराला लागलं. चाळीस वर्षांचा हात त्याचा. हळू गळणारी हवा म्हणजे त्याच्या मते घरातल्या चोरासारखी, दिसत नाही पण असतो घरातच. त्याने औषधवाल्यांना कामाला लावलं. रात्री झोपताना हवा मोजायची, सकाळी उठल्यावर मोजायची, कागदावर लिहायची. चार दिवसांनी कागद आला. दिवसभर गाडी फिरली तरी हवा तसूभर हलत नव्हती. जायची ती फक्त रात्री. गाडी उभी असताना.

"काका, कुणीतरी मुद्दाम सोडत असेल."

तुला वाटलं तेच त्यालाही वाटलं. पण गाडी राहायची घराला लागून असलेल्या शेडमध्ये. लोखंडी दार, आतून कडी. घरात माणसं तीन. औषधवाले, त्यांची बायको आणि दहावीतली मुलगी.

मग हवालदाराने चाकांची अदलाबदल केली. डावं चाक उजवीकडे लावलं. दोन रात्री हवा टिकली. उजवं चाक डावीकडे होतं, त्याचीही टिकली. पुन्हा पहिल्यासारखं लावलं... चोवीस. म्हणजे बघा, हेच चाक आणि हीच जागा. दोन्ही जुळलं तरच हवा जायची.

तिथे त्याचं डोकं चाललं. गाडी दुकानासमोर उभी केली, टायरला साबणाचा फेस लावला आणि औषधवाल्यांना म्हणाला, "तुम्ही इथे बसून फेसावर नजर ठेवा. मी आत बसतो." तो मागच्या सीटवर, डावीकडे जाऊन बसला.

"आला," औषधवाले म्हणाले. "बुडबुडा आला."

हवालदार उतरला, बुडबुडे थांबले. पुन्हा बसला, पुन्हा सुरू. टायरच्या बगलेत केसाएवढी तार घुसली होती. वजन पडून टायर दबला की तिथलं तोंड उघडायचं, वजन गेलं की मिटायचं. टाकीत धरलेल्या चाकावर कुठलं आलंय वजन? म्हणून सापडत नव्हतं.

"तुमच्या गाडीत मागे डावीकडे कोण बसतं?" हवालदाराने विचारलं.

"हल्ली कुणीच नाही."

हवालदार हात पुसत गमतीने म्हणाला, "मग रात्री येऊन कुणीतरी बसतंय बघा. सोडा, पाच मिनिटांचं काम आहे, बुजवून टाकतो."

औषधवाले हसले नाहीत. साबणाचा मग त्यांच्या हातात होता, तो त्यांनी खाली ठेवला. दोनदा ठेवला म्हणे, पहिल्यांदा कलंडला.

"बुजवू नका," ते म्हणाले. "आज रात्री घरी याल का? मला एकट्याला... नाही बघवणार."

तारीख त्याला पाठ आहे. सोळा नोव्हेंबर, मंगळवार. तो पावणेअकराला पोचला. बायको-मुलगी वर झोपलेल्या. शेडमध्ये एक बल्ब, भिंतीला टेकवलेली शिडी, रंगाचे रिकामे डबे. दोघे दोन डब्यांवर बसले. हवालदाराने मीटर लावला, बत्तीस. ब्रशने फेस लावला. गाडीची चारही दारं त्याने स्वतः ओढून पाहिली. बंद होती. चावी घरात, खिळ्याला.

अकरा वाजले. औषधवाले चाकावर डोळे लावून बसले. हवालदार एकदोनदा दुकानातलं काहीबाही बोलला, मग तोही तिकडेच बघू लागला. सव्वाअकरा. बाहेर एक स्कूटर गेली. तिचा आवाज लांब जाईपर्यंत दोघे ऐकत राहिले.

अकरा वीस.

दार वाजलं नाही. काहीच वाजलं नाही. फक्त गाडी... मागून, डावीकडे... खाली बसली. दोन बोटं. जड माणूस गुडघ्याला जपत सीटवर टेकतो ना, तशी. सावकाश.

आणि फेसात एक बुडबुडा आला.

मग दुसरा.

हवालदार म्हणाला, "मी चाकाकडेच बघत होतो. वर काच होती. माझी मान वर होईना."

औषधवाले अगदी हळू म्हणाले, "आक्का."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, भावाकडेच राहिली, भावाची मुलगी तिनेच मोठी केली. ऑगस्टमध्ये ती गेली, हे हवालदाराला ठाऊक होतं. छातीत दुखलं, दवाखान्यात नेताना वाटेत गेली, असं सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"वाटेत नाही गेली," औषधवाले म्हणाले. बल्बकडे बघत बोलत होते. "इथे गेली. ह्याच जागी."

त्या रात्री बायको-मुलगी माहेरी गेलेल्या. अकराच्या सुमाराला आक्का खोलीतून बाहेर आली, म्हणाली, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय रे. ते म्हणाले, गाडीत जाऊन बस, आलोच चावी घेऊन. ती हातात पिशवी घेऊन शेडमध्ये आली, नेहमीच्या जागेवर बसली, दार ओढून घेतलं. ते चावी घ्यायला आत गेले. बूट घालायला खुर्चीवर टेकले. दिवसभर दुकानात उभे, त्याआधीच्या रात्री दुकानाच्या हिशेबाला जागलेले...

"एक बूट घातला होता हो मी. जाग आली तेव्हा बारा वाजले होते."

हवालदाराने आपला डबा जरा जवळ ओढला.

"आक्का हाक मारणारी बाई नव्हती. हॉर्न वाजवायचा ना. पुढे हात घालून हॉर्न दाबायचा. नाही दाबला. मी आलो तर बसली होती, पिशवी मांडीवर, डोळे दाराकडे."

फेसातले बुडबुडे आता एकामागून एक येत होते. हवालदाराने मीटर लावला. अठ्ठावीस.

"किती वेळ असं?" त्याने विचारलं.

"बारापर्यंत असणार. चाळीस मिनिटं."

"रोज?"

"रोज."

हवालदार उठला. मला तो म्हणाला, धीर वगैरे काही नव्हता, पण म्हातारं माणूस गाडीत बसून वाट बघतंय आणि आपण डब्यावर बसून बुडबुडे मोजतोय, याची मला लाज वाटली. तो औषधवाल्यांना म्हणाला, "चावी आणा."

"काय?"

"चावी आणा. त्यांना न्यायचंय ना दवाखान्यात? मग न्या."

औषधवाले आत गेले. हवालदार एकटा शेडमध्ये. त्याने काचेकडे पाठ केली आणि शिडीच्या पायऱ्या मोजू लागला. नऊ होत्या. पुन्हा मोजल्या. नऊच. मागे चाकातून बारीक आवाज येत होता... स्स्स... दिवसा कधी न ऐकू आलेला.

पाच मिनिटं झाली. आठ. औषधवाले येईनात.

तो आत गेला. बोळात खुर्ची होती. तिच्यावर औषधवाले बसलेले. एक बूट पायात, एक हातात. झोपले नव्हते. डोळे सताड उघडे.

"माझा पाय हलत नाही हो, हवालदार."

हवालदार खाली बसला. त्यांच्या हातातला बूट घेतला, पायात घातला, नाडी बांधली. लहान मुलाची बांधतात तशी, दुहेरी. मग दंडाला धरून उभं केलं.

"चला. त्या थांबल्यात."

शेडमध्ये आले तेव्हा गाडी अजून कललेलीच होती. मीटरमध्ये वीस. एवढी खाली आजवर कधी गेली नव्हती. पंप गाडीच्या डिकीत होता. हवालदार म्हणाला, भरतो थोडी. औषधवाले म्हणाले, "नको. आणखी उशीर नको."

औषधवाले स्टेअरिंगवर, हवालदार त्यांच्या शेजारी. आरसा त्याने आधीच छताकडे वळवला. गाडी निघाली.

दवाखाना अकरा मिनिटांवर. रस्ता मोकळा. हवालदार सांगतो, मी डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे बघत होतो, दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. पुलापाशी चाक थपथप वाजायला लागलं. हवा पार खाली गेली होती. औषधवाल्यांनी वेग कमी केला नाही. एकदाच बोलले, मान न वळवता.

"आक्का, आलंच बघ."

मागून काही नाही. पण सीटची स्प्रिंग एकदा वाजली. कुणी जरा पुढे सरकून बसल्यासारखी.

दवाखान्याच्या पोर्चमध्ये गाडी थांबली. ट्यूबलाइट, काचेचं दार, बाकावर पेंगणारा एक वॉर्डबॉय. औषधवाले उतरले, वळसा घालून मागच्या डाव्या दाराशी आले आणि दार उघडून धरलं. दुसरा हात पुढे केला. कोपरातून वाकवलेला, आधाराला देतात तसा.

तसेच उभे राहिले.

हवालदार पुढच्या सीटवर. त्याला फक्त कळलं, की गाडी... वर आली. दोन बोटं.

औषधवाले काचेच्या दारापर्यंत हळूहळू चालत गेले. छोटी छोटी पावलं टाकत. कोपर वाकवलेलंच. दाराशी थांबले. मग हात खाली गेला.

वॉर्डबॉयने विचारलं, "पेशंट कुठाय?"

"पोचवलं," औषधवाले म्हणाले.

गाडीत येऊन बसले आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडले. हवालदाराने त्यांना रडू दिलं.

घरी आले तर बायको दारात उभी. गाडीच्या आवाजाने उठली होती. कुठे गेला होता, म्हणाली. त्यांनी तिथेच, उंबऱ्यात उभ्याउभ्या सगळं सांगितलं. बायको ऐकत होती. पायरीवर मुलगी येऊन उभी राहिलेली कुणालाच कळलं नाही. तिने सगळं ऐकलं. पुढे कित्येक महिने ती वडिलांशी बोलली नाही. आता बोलते. कामापुरतं. म्हणून म्हणतो, सगळं सुरळीत झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही. औषधवाले अजून रात्री दुकानाच्या बाकावरच झोपतात, बूट घालून. कुणी शटर वाजवलं की दुसऱ्या मिनिटाला दार उघडतं.

गाडी पुन्हा कलली नाही. एकदाही नाही.

"आणि ते चाक?"

तेच सांगायचं राहिलं. त्या रात्री ते घरच्यांशी बोलत होते, तेव्हा हवालदार शेडमध्ये एकटाच गेला. थपथप वाजत आलेलं चाक, म्हटलं रिम वाकली असेल, बघावं. त्याने बॅटरी मारली. टायर ताठ उभा होता. मीटर लावला.

बत्तीस.

पंप डिकीतच होता, पिशवीत, गाठ मारलेला. त्याला कुणी हात लावला नव्हता.

सकाळी त्याने चाक दुकानात नेलं. तार चिमट्याने ओढून काढली. बगलेत भोक पडलं, सुईचं टोक आत जाईल एवढं. त्यातून हवा यायला हवी होती. आली नाही. टाकीत बुडवलं. वर स्वतः उभा राहिला. नाही.

ते चाक त्याने गाडीला लावलं नाही, दुसरं दिलं. ते दुकानात आतल्या भिंतीला टांगलंय. चार वर्षांत त्यात कुणी हवा भरलेली नाही. मागच्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा त्याला म्हटलं, लाव मीटर. त्याने माझ्याच हातात दिला.

बत्तीस.