नावाची जागा

हिब्रू शिकवून सांगलीत कुणाचं पोट भरत नाही. डॉ. क्षमा लिमये यांचंही भरलं नव्हतं. म्हणून नोकरीची तीस वर्षं त्यांनी पुण्यात काढली, यहुद्यांचे जुने धर्मग्रंथ तिथल्या मुलांना शिकवले आणि निवृत्त झाल्यावर विश्रामबागेतल्या वडिलांच्या बंगल्यात परत आल्या. शेजारी त्यांना ‘हिब्रूवाल्या बाई’ म्हणत. ते त्यांना झोंबायचं. सगळं आयुष्य दुसऱ्यांनी शोधलेल्या पोथ्यांवर बोलण्यात गेलं, स्वतःच्या नावावर एक शोध नाही, हे दुःख त्या रोज सकाळी चहाबरोबर गिळायच्या.

त्यामुळे एप्रिलमध्ये रहिमतपूरहून फोन आला, तेव्हा बाई भाजी आणायला निघाल्यासारख्या पिशवी घेऊन पॅसेंजरमध्ये बसल्या.

फोन हंबीररावांचा होता. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, सहा एकर ऊस राखणारा माणूस. ठिबकसाठी चर खणताना बांधाजवळ मातीचा बंद घडा लागला होता आणि घड्यात चामड्याचं एक पान. त्यावर कुणालाच न वाचता येणारी अक्षरं; गावच्या मास्तरांनी ती हिब्रू असावीत म्हणून बाईंचा नंबर दिला होता.

बाईंनी पान पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. धर्मग्रंथाचंच पान होतं, आणि फार जुनं.

“माझ्या सासऱ्यांनी सांगितल्यालं,” हंबीररावांची आई हरणाबाई उंबऱ्यावरून म्हणाली. “हितं शनवार तेल्याचं घर हुतं. त्येंनी ह्ये पुरलं तवा रडत पुरलं. मानसाला पुरत्यात तसं.”

बाईंना त्यात नवल वाटलं नाही. शनिवार पाळणारे कोकणातले तेली म्हणजे बेने इस्रायल, आपल्याकडचे यहुदी, आणि त्यांच्या धर्मातली ही रीत त्यांनी वर्गात शेकडो वेळा सांगितली होती. पोथी लिहिताना चुकलेलं अक्षर पात्यानं खरवडून काढता येतं. देवाचं चार अक्षरी नाव मात्र खरवडायचं नाही, कधीच नाही. ते असलेलं पान खराब झालं तर जाळायचं नाही, फेकायचं नाही, मातीत पुरायचं.

“वाचा आन हाय तसं परत आना, हितंच पुरायचं हाय,” हंबीरराव म्हणाले.

“आठ दिवसांत आणते.”

हंबीररावांनी वही पुढे केली. वस्तू, तारीख, सही. “फौजेत सुईबी सहीबिगार भाईर जात न्हाई, मॅडम.”

बाईंनी ठसठशीत सही केली.

घरी आल्यावर त्यांनी पुण्याला निमिषला फोन लावला. निमिष त्यांचा विद्यार्थी, आता त्यांच्याच खुर्चीवर बसलेला. तो म्हणाला, “मॅडम, काळ ठरवायला शाई लागेल. चिमूटभर पुरे.”

दुपारचे तीन वाजले होते. उन्हानं गल्ली ओस पडली होती. बाईंनी टेबलावर पान पसरलं. सगळ्या ओळी विटून गेलेल्या, कशातूनही शाई निघण्यासारखी नव्हती. काळीभोर राहिली होती ती एकच जागा. चार अक्षरं.

बाईंनी दाराला कडी घातली. मग त्यांनी दाढीचं नवं पातं घेतलं. शास्त्रासाठी करतेय, असं त्या स्वतःला म्हणाल्या. खरं म्हणजे त्यांना लेखाखाली आपलं नाव दिसत होतं.

खर्र... खर्र... पातं चामड्यावरून फिरलं. काळी पूड कागदावर पडली आणि खोलीत जळक्या तेलाचा वास आला. नावाच्या जागी पिवळसर चट्टा उरला. बाईंनी पातं खाली ठेवलं.

आवाज थांबला नाही. खर्र... खर्र... कुठूनतरी बाहेरून, शांतपणे. शेजारी कुणीतरी कढई खरवडत असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पूड पाकिटात भरून कुरिअरला देण्यासाठी त्या फाटकापाशी आल्या. पितळी पाटीवर ‘डॉ.’ एवढंच राहिलं होतं. पुढचं पितळ कुणीतरी पात्यानं घासून काढलं होतं आणि खाली पायरीवर पिवळी पूड सांडली होती.

कार्ट्यांचे उद्योग, असं म्हणून त्यांनी ती झाडून टाकली.

तिसऱ्या दिवशी कपाटातल्या प्रबंधाच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं गेली. कपाटाला कुलूप होतं. पाचव्या दिवशी त्यांच्या अकरा पुस्तकांवर शीर्षकं तेवढी उरली. लेखकाच्या जागी कागद इतका खरवडलेला, की बोट लावलं तर आरपार जावं. आणि रोज तीनच्या सुमाराला तो आवाज वाढायचा. आता तो घरातून यायचा.

दहाव्या दिवशी हंबीररावांचा फोन आला.

“आठ दिस म्हनला हुता.”

“काम अजून अपुरं आहे.”

“काम तुमचं, मॅडम. वस्तू आमची. शब्द दिल्याला इसरला काय?”

बाईंनी फोन कापला. भीती वाटत होती, पण पान सोडवत नव्हतं. इतक्या वर्षांनी हाताला लागलेलं परत मातीत कसं घालायचं?

त्याच दुपारी निमिषचा फोन आला. “मॅडम, लेखाचा मसुदा तयार आहे. फक्त... नाव काय घालू?”

“माझं. आणखी कुणाचं?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो ओशाळून म्हणाला, “तेच विचारतोय. तुमचं... पूर्ण नाव काय, मॅडम? सकाळपासून आठवतोय. फोनमध्येही नुसता नंबर दिसतोय.”

सात वर्षं तो त्यांच्या हाताखाली शिकला होता. बाईंनी फोन खाली ठेवला आणि आरशासमोर उभं राहून स्वतःचं नाव मोठ्यानं उच्चारलं. ते आलं, पण दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. मागे, अगदी मानेपाशी, खर्र झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या रहिमतपूरला निघाल्या. हरणाबाई घडा धुऊन बांधावर वाट पाहत बसली होती. येणार म्हणून कुणी कळवलं नव्हतं. हंबीरराव खड्ड्याशी फावडं घेऊन उभे होते. त्यांनी ‘या’ म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही.

“नेलं तसंच हाय न्हवं?” हरणाबाईनं विचारलं.

“होय,” बाई म्हणाल्या. पान त्यांनी पिशवीतून काढलं नाही.

“उलगडा. बगू.”

त्यांनी पान उलगडलं. खरवडलेली जागा रिकामी नव्हती. तिथे अक्षरं होती, काळीभोर, ओली. मात्र ती चार अक्षरं नव्हती. हिब्रू लिपीत, बाईंच्याच वळणात, त्यांचं नाव लिहिलेलं होतं. पहिलं नाव आणि आडनावही. बोट लावलं तर बोटाला शाई लागली.

बाईंना सगळं कळलं. पान पुरलं तर काय पुरलं जाणार, तेही कळलं. त्यांनी ते छातीशी धरलं. “नको... मला एक दिवस द्या...”

“सोडा,” हंबीरराव म्हणाले. त्यांनी बाईंचं मनगट धरून बोटं एकेक करून उलगडली. म्हातारीनं पान घड्यात सोडलं, झाकण बसवलं, आणि हंबीररावांनी भराभर माती ओढली. शेवटचं ढेकूळ पडलं तसा आवाज थांबला. अकरा दिवसांत पहिल्यांदाच. उसात वारा सळसळला.

हंबीररावांनी कपाळाचा घाम पुसला, खिशातून वही काढली. नोंद खोडायला पेन उघडलं आणि थबकले. वस्तू होती, तारीख होती. सहीच्या जागी कागद झिरझिरीत झाला होता, त्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं.

“आई,” ते सावकाश म्हणाले, “ह्ये पान नेलं कुनी हुतं गं?”

“मला काय ठावं,” हरणाबाई म्हणाली. मग तिनं बांधावर उभ्या असलेल्या बाईकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “आन ही बाई कोन, रं? कवाधरनं उभी हाय हितं?”