चादरीखालचे पाय

“पावलांच्या आकड्यावर विसंबू नका, ताई. रोज पोटऱ्या बघा,” ऑपरेशननंतर सासूबाईंना घरी सोडताना नर्स म्हणाली होती. सून तेव्हा बाळाची दुपटी पिशवीत कोंबत होती. ‘हो हो’ म्हणाली आणि विसरली.

आज सकाळी त्याच नर्सचा फोन आला. ऑपरेशननंतर चालतं ठेवलं तर पेशंट लवकर सावरतात का, याचा अभ्यास तिच्या दवाखान्यात चालला होता. त्यासाठी सासूबाईंच्या घोट्याला पावलं मोजून आकडा तिकडे पाठवणारा पट्टा बांधला होता.

“ताई, आजी सगळ्यांत पुढे होत्या. काल मात्र एकही पाऊल नाही. बऱ्या आहेत ना?”

‘बघते’ म्हणून सुनेने फोन ठेवला.

खोली एवढीशी. खाट, खाटेला खेटून पाळणा, मग दार. दोघांना सोडून तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नसे. सासूबाई पडल्यापडल्या पाळणा हलवत, तेवढीच तिला उसंत.

“बॅटरी संपली असेल,” नवरा म्हणाला. “आईची तर शर्यत चाललीय!”

“तू पाहिलंस चालताना?”

“मी दिवसभर ऑफिसात. तू पाहिलंस ना?”

नव्हतं पाहिलं. ‘तू आंघोळीला गेलीस तेव्हा फिरले की,’ असं सासूबाई म्हणत. पण काल तिनेच त्यांना हात धरून संडासापर्यंत नेलं होतं. पाय घासत, पण चालल्या होत्या. मग एकही पाऊल नाही कसं?

“आई, पट्टा कुठेय?”

“पायात. मोज्याखाली.”

“दाखवा बरं.”

“राहू दे गं, थंडी वाजते.”

“एवढ्या उकाड्यात?”

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. चादरीखालचे पाय आखडले.

सुनेची नजर पाळण्यावर गेली. बाळ कालपासून तापलेलं, अजून तिच्या खांद्यावरच होतं. तिने पाळण्यातली गादी उचलली. खाली पट्टा होता.

“ही घे तुझ्या आईची शर्यत,” ती नवऱ्याला म्हणाली. “पाळणा हलला की हा पावलं मोजायचा. काल बाळ दिवसभर माझ्या अंगावर, पाळणा रिकामा. म्हणून शून्य.”

“आई? तू?”

“मग काय करू?” सासूबाई भिंतीशीच बोलल्या. “डॉक्टर म्हणाले, चालला नाहीत तर परत वॉर्डात. तिथली खिडकीसुद्धा उघडत नाही रे. आणि उठले की वाटतं, टाके उसवतील.”

सुनेने मोजे उतरवले. डावी पोटरी टम्म सुजलेली, लालसर, हाताला गरम. तिने लगेच नर्सला फोन लावून सांगितलं.

“चोळू नका,” फोनवर नर्सचा आवाज बदलला. “आता चालवूही नका. रक्ताची गाठ असू शकते. छातीत गेली तर जिवावर बेतेल. उचलून गाडीत घाला, लगेच या.”

सासूबाईंनी पाळण्याचा दांडा घट्ट धरला. “परत तिथेच ना?”

“हो आई. पण या वेळी मी बसणार आहे शेजारी.”

“आणि बाळ?”

“तेही. आधी दांडा सोडा.”

गाठच होती. छातीत पोचायच्या आत औषध सुरू झालं. आता सासूबाई त्याच बंद खिडकीखाली झोपल्या आहेत, आणि सून मांडीवर बाळ घेऊन त्यांच्या उघड्या पायांकडे बघत बसली आहे. तिचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरी कुणी नुकतंच ऑपरेशन होऊन आलं असेल, तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि त्यांच्या पायांवरची चादर काढून बघा. ‘बरी आहे गं’ म्हणाल्या, तरी बघाच.