न उडालेला फ्यूज

"मामाजी, आता पुरे का?"

न्हाणीतून उत्तर आलं नाही. सत्यवतीनं दार लोटलं आणि तिची बोबडीच वळली. सासरे महादेवराव लोखंडी टबात कलंडले होते, डोळे सताड उघडे. ती ओढायला धावली, तर टबाच्या कडेनं असा झटका दिला की ती भिंतीवर आदळली. टबाच्या हीटरचं बाहेरचं बटण तिनंच दाबलं होतं. "अजून थोडं तापव, सत्ये," असं त्यांनीच तर ओरडून सांगितलं होतं!

अमरावतीतल्या त्या घरी फौजदार मोतीराम ढोके आले. महादेवराव संत्र्याचे बागायतदार, सांधेदुखीनं बेजार. डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्यांनी बासष्ट साली टबाला विजेचा हीटर बसवून घेतला होता.

"बटण कोणी दाबलं?"

"म्या."

"घरात अजून कोण होतं?"

"आत्याबाई, माह्या सासूबाई, देवघरात होत्या. जानराव भाऊजी बाहेर गेले होते."

"शेंदूरजन्याची बाग कोणाले जाणार होती?"

"माह्या नावावर करून देणार होते."

फौजदारांनी मान हलवली. तरुण विधवा सून, बाग तिच्या नावावर होणार, आणि बटणावर हातही तिचाच. सासू पार्बताबाई ऊर बडवत होती, "माह्या कुंकवाले गिळलं इनं!" सत्यवतीला डोळ्यांपुढे फाशीचा दोर दिसू लागला.

वायरमन शेषराव टबाखालून बाहेर आला. "साहेब, वायरीचं रबर सोललं हाये. करंट टबात उतरला. पण त्याच्यासाठीच तर अर्थिंगची तार लावली होती! करंट जमिनीत जाते, फ्यूज उडते, माणूस वाचते. आज फ्यूज उडलाच नाई."

"तार तुटली असंन."

"टबापासून अंगणापर्यंत शाबूत हाये. मालक इजेले लय भ्यायचे. रोज काठीनं तार ठोकून पाहायचे, मंगच टबात बसायचे. जमिनीत तांब्याचा पत्रा म्या गाडला, तवा जानरावबी संगंच उभे होते. इचारा त्याहिले."

एव्हाना परतलेला पुतण्या जानराव दारातून म्हणाला, "इनंच तार सोडली असंन, अन् मांगून जोडली. तिथं दुसरं कोण होतं?"

"चला बाई, ठाण्यावर," फौजदार म्हणाले.

सत्यवती उठली. टबापाशी तार शाबूत, भिंतीवर शाबूत. मग राहिलं काय? तिची नजर अंगणात गेली. तार जिथं जमिनीत शिरत होती, तिथं ती रोज बादलीभर पाणी ओतायची, कारण कोरडी माती करंट नेत नाही. आठ दिवसांपूर्वी जानरावानं नेमकी तिथंच तुळस लावली होती. काकांच्या तब्येतीसाठी म्हणे! "वहिनी, आता पाणी मीच घालीन." भर वैशाखात, बागायतदाराच्या घरी! अशा उन्हात रोप हलवू नये हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

तिनं खुरपं उचललं. "साहेब, मले ही तुळस काढू द्या."

पार्बताबाई किंचाळली. जानराव तर आडवाच आला. "तुळस उपटता? पाप लागीन!"

"भाऊजी, तुमी कधी देवळाची पायरी चढले नाई. आजच पापाची भीती काहून वाटून राहिली?"

सवाष्णपणी तिनं तुळशीला किती प्रदक्षिणा घातल्या होत्या! तरी तिनं डोळे मिटून खुरपं चालवलं. हातभर माती उकरून तिनं जमिनीत शिरणारी तार धरली. ओढली, तर ती सरळ हातातच आली. टोक साफ कापलेलं होतं, अजून लखलखीत.

"वर तोडली असती, तर मामाजीच्या काठीले कळलं असतं," ती धापा टाकत म्हणाली. "म्हणून भाऊजीनं खाली कापली. वर तुळस लावली, कारण तुळस कोणी उपटत नाई. मंग टबाखालचं रबर सोललं अन् घराबाहेर गेले. मामाजी हाक मारणार, बटण मीच दाबणार, हे घरात कोणाले ठाऊक नव्हतं? त्याहिचे काकाबी गेले अन् मी जेलात!"

जानरावाचा चेहरा पांढराफटक पडला. शिपायानं दंड धरला तसा तो खवळला. "बाग आमच्या घराण्याची! परक्याच्या पोरीले काहून द्यायची?"

पार्बताबाई भिंत धरत उठली. पुतण्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मातीनं भरलेले सुनेचे हात तिनं पदरानं पुसले.

"सकाळपासून घोटभर पाणी नाई गेलं तुह्या पोटात. चाल पोरी, घरात चाल."

सत्यवती तिच्या गळ्यात पडली आणि हंबरडा फोडून रडली.