डेल्टाची जागा

हिरामण खरं तर शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे चालला होता. ते दुकान बंद, म्हणून शहाडच्या आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये डोकावला… आणि माझी बोटं चुकली. १९९१ चा सप्टेंबर होता, मी बावीसची.

"प्रबंध आहे. डिसेंबरपर्यंत होईल? लिहीन तशी पानं आणून देतो." बेलवलीच्या शेतकऱ्याघरचा हा मुलगा दीर्घिकांवर, म्हणजे दूरच्या आकाशगंगांवर, पीएच.डी. करत होता.

"आणि ही वाकडीतिकडी अक्षरं?"

"ग्रीक आहेत, मशीनवर नसतात. तुम्ही जागा सोडा, मी पेनने भरेन."

म्हणजे रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसून! डेल्टा भरताना त्याचं कोपर माझ्या कोपराला लागायचं आणि दोघंही एकदम "सॉरी" म्हणायचो.

"ह्यात आहे तरी काय एवढं?" मी एकदा विचारलं.

"कधीकधी दीर्घिकेत धडाधड तारे जन्मतात. मग ते थांबतं. मोठे निळे तारे आधी संपतात, मधले पांढरे मात्र शंभर कोटी वर्षं टिकतात. हा डेल्टा त्यांचीच खूण."

"आणि मग?"

"मग दीर्घिका हळूहळू तांबूस होते… शांत."

शांत! मला ते अजिबात आवडलं नाही. प्रबंध संपला की हा दोन वर्षांसाठी परदेशी जाणार होता. माझ्या आत जे धडाधड चाललं होतं, त्याचं काय? चार पानांना मी मुद्दाम अख्खी संध्याकाळ लावायचे. तरी शेवटचं पान आलंच.

पेन उघडून तो थबकला. "इथे डेल्टा नाहीये. जागा का सोडलीत?"

"बघा ना… तुम्हाला काय भरावंसं वाटतं ते." माझे कान तापले.

तो माझ्या मागच्या भिंतीकडे बघून हसला. तिथे माझं सर्टिफिकेट टांगलेलं होतं. मिनिटाला साठ शब्द.

"मीनल, ते मी पहिल्याच दिवशी वाचलंय. आणि प्रबंध तेव्हाच लिहून झाला होता. रोज चारच पानं आणत होतो मी."

"लबाड!"

"तुमच्याइतकाच."

मग इंग्रजी ओळींच्या मधोमध त्याने मराठीत लिहिलं — दोन वर्षं थांबशील?

"शंभर कोटी टिकतात म्हणालात," मी म्हणाले, "मग दोनाचं काय घेऊन बसलात!"

पान अर्थातच वाया गेलं. ते मी पर्समध्ये ठेवलं, नवा कागद चढवला. आता मला घाई झाली होती. ती दोन वर्षं सुरू झाल्याशिवाय संपणार कशी? पहिल्यांदाच त्याच्यासमोर मी साठच्या स्पीडने सुटले.