सतरा नंबरच्या घराचा फरक

"अहो मीटरवाले, तुमच्याकडे पाणी उलटं वाहतं का?"

मी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मी रीडिंगचे तक्ते करते. प्रत्येक घराची दर महिन्याला एक ओळ. खालच्या आकड्यातून वरचा वजा केला, की महिन्याभरात किती पाणी वापरलं ते कळतं. मीटर पुढेच जातं, त्यामुळे फरक कधी उणे येत नाही. याने आणलेल्या वहीतल्या एका घराचा मात्र आला होता. उणे चाळीस!

"ते होय…" तो खिडकीशी आला. उन्हाने लाल झालेला, वही घामाने वाकलेली. "त्या गल्लीत कुत्रा मागे लागला हो. पळता पळता दोन घरांचे आकडे इकडचे तिकडे झाले."

"मग कुत्र्यालाच लिहायला सांगायचं. त्याने नीट लिहिलं असतं."

शेजारच्या टेबलावरच्या काकू फिसकन हसल्या. तोही हसला, आणि त्याचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसला. झालं! माझं लक्ष तक्त्यावरून उडालं ते उडालंच.

महिन्यातून एकदा वही द्यायला येणारा माणूस आठवड्याला यायला लागला. कधी पेन विसरलं, कधी एक आकडा पुन्हा बघायचा होता… मग माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून तक्ता शिकायचा.

"घर बदललं की वजाबाकी थांबवायची," मी शिकवलं. "एका घरातून दुसरं घर वजा करायचं नसतं. सगळ्यात सोपी चूक आहे ती, आणि सगळ्यात घातक."

"आणि या पहिल्या ओळीचा फरक रिकामा का?"

"तिच्या वर कोणी नाही म्हणून."

"माझ्यासारखीच की! आई ताईकडे असते. सतरा नंबरमध्ये मी एकटाच… महिन्याला पाच युनिट. बघा हवं तर."

"मला काय करायचंय बघून?"

बघितलं होतंच. दर महिन्याला पाच. मला तोंडपाठ होतं.

तो मला वजाबाई म्हणायला लागला. 'अहो'चं 'अगं' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एक दिवस वहीत डोकं घालून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "पाचाचे दहा करायचे तर काय करावं लागतं गं?"

"नळ उघडा ठेवायचा."

"वजाबाई… आईने एक स्थळ आणलंय. मी तिला थांब म्हटलंय. पण किती दिवस थांबवू?"

माझे कान गरम झाले. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण मला भाव खायचा होता ना! "पुढच्या महिन्यात सांगते," मी म्हटलं.

पुढचा महिना आला. स्वतःच्या घराचं मीटर स्वतः वाचायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून त्याच्या गल्लीची वही दुसऱ्यानेच आणली. घर सतरा. वरच्या ओळीत तीनशे अठ्ठ्याण्णव, खालच्या ओळीत चारशे बारा. फरक चौदा.

एकट्या माणसाला चौदा? माझं डोकंच फिरलं. म्हणजे बायको आहे, पोर आहे. कुठेतरी लांब ठेवली होती, आता राहायला आली. आणि हा इथे बसून पाचाचे दहा करतोय!

दुपारी तो आला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. "बोला वजाबाई. महिना झाला."

"घरात माणसं आहेत ना भरपूर? त्यांच्याशी बोला. मला तुमचं तोंड बघायचं नाही."

"कसली माणसं? अगं, झालं काय ते तरी—"

"आकडे खोटं बोलत नाहीत. माणसं बोलतात!" सगळं ऑफिस ऐकत होतं.

 त्याने वही टेबलाच्या कडेला सरळ करून ठेवली आणि गेला. त्याने दुसऱ्या विभागात बदली मागून घेतल्याचं काकूंकडून कळलं. "बरं झालं, पीडा टळली," मी म्हटलं, आणि बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडले.

महिन्याने नवा मीटरवाला वही घेऊन आला. घर सतरा, चारशे आठ. फरक उणे चार.

मी वही त्याच्यापुढे सरकवून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"सतरा ना? तिथे खालच्या मजल्याचं मीटर वेगळं, वरच्या मजल्याचं वेगळं," तो म्हणाला. "वर नवे भाडेकरू आलेत, नवरा-बायको आणि एक मूल. त्यांना जुनंच मीटर बसवलंय, त्याचाही आकडा चारशेच्या आसपासच. मागच्या खेपेला खाली कुलूप असेल, म्हणून वरचंच लिहिलं असेल."

मी मधली चुकीची ओळ सोडून तिच्या वरची धरली. तीनशे अठ्ठ्याण्णव ते चारशे आठ, दोन महिन्यांचे दहा. पाच आणि पाच.

फोन लावला. "मी… वजाबाई बोलतेय."  मी सगळं सांगितलं. रडले, माफी मागितली, स्वतःला शिव्या घातल्या.

"एकदा विचारायचं होतंस गं," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "मी समोरच तर उभा होतो."

"आता विचारते ना…"

"परवा आईला हो म्हटलं. त्या लोकांना शब्द दिलाय. त्या मुलीचा काय दोष?"

शब्द फिरव, असं म्हणायचं होतं मला. सगळ्यांना फाडफाड बोलणारी मी, पण तोंडातून एवढंच आलं, "अभिनंदन."

त्यानंतर चारशे तेरा, चारशे अठरा, चारशे तेवीस. वही आली की मी आधी सतरा नंबर बघायची. पाच दिसले की जीव भांड्यात पडायचा. मोडलं असेल, लांबलं असेल… वेड्या आशेला काय!

आज चारशे बत्तीस. फरक नऊ.

घर तेच आहे का, मीटर खालचंच आहे का, वरची ओळ त्याचीच आहे का, सगळं बघितलं. तीनदा वजाबाकी केली.

"काय गं, चूक आहे का काही?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू," मी म्हटलं. "या वेळी बरोबर आहे."

आणि अठरा नंबरच्या घराची ओळ घेतली.