तापकडं

"आज्जे, उकडतंय," सहा वर्षांची रेवा वैजयंताच्या पदरात तोंड खुपसून पुटपुटली.

गारघराच्या पायऱ्यांवर रांगेत उभ्या असलेल्या दोघीतिघी हसल्या. लहान मूल बोबडं बोललं की हसतात ना, तशा. वस्तीतल्या मोठ्या माणसांच्या तोंडी हा शब्द शेवटचा येऊन नऊ वर्षं झाली होती.

सांगोल्याकडची दोनशे घरं थरच्या वाळवंटात आली ती सौरपट्ट्या पुसायला. नजर जाईल तिथवर काचा आणि त्यांवर रोज नवी वाळू. उन्हाळ्यात पारा चोपन्नावर. पहिल्या दोन वर्षांत माणसं टिकेनात. मग निर्दाह लस आली. आपल्या कातडीतले बारीक मज्जातंतू 'भाजतंय, सावलीत चल' अशी वर्दी मेंदूला देत असतात. लस ती वर्दीच बंद करते. अंग तापायचं तेवढं तापतंच, फक्त आपल्याला कळत नाही. चहाने जीभ भाजली हेसुद्धा वस्तीत फोड आल्यावर कळायचं.

आता वर्दी द्यायला दुसरं कुणीतरी हवं, म्हणून प्रत्येकाच्या मनगटावर तापकडं. ते कातडीची ऊब आणि घामाची ओल मोजतं. ऊब वाढली आणि ओल आटली, की कोकलायला लागतं. मग हातातलं काम टाकून जमिनीखालच्या गारघरात यायचं, मीठ-साखरेचं पाणी पीत अर्धा तास बसायचं. आज त्याचीच तालीम होती. वैजयंता लवटे वस्तीची उन्हाळाप्रमुख. भोंगा झाला की माणसं मोजायची, कमी असेल त्याच्या दारात धावायचं, हे तिचं काम. आज सहा मिनिटांत सगळी आत.

डॉक्टर निशिगंधा ओगले खूश झाल्या. लस त्यांचीच. तीन दिवस मुक्कामाला होत्या, ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढत होत्या आणि तरी मागून घेत होत्या. इतर वस्त्यांत कडी दिवसाला पन्नासदा कोकलतात, इथे जेमतेम दोनदा, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. इथल्यासारखा घाम त्यांनी कुठेच पाहिला नव्हता. नऊ वर्षांत इथली शरीरं वाळवंटाला सरावली, असं त्यांचं मत झालं होतं. म्हणून आता लस मुलांनाही. उद्या सकाळी, पाच वर्षांपासून पुढे.



काचांच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला एक माठ असे. माठालाही घाम येतो. पाणी झिरपतं, वाळतं, माठ गार राहतो. कडं कोकललं की अर्धा तास जायचा, ओळ अर्धी राहायची, दुसऱ्या दिवशी दुप्पट वाळू. तेव्हा कधीतरी कुणीतरी आपलं कडं काढून माठाच्या गळ्यात अडकवलं. ह्यालाही करू दे की काम, म्हणून सगळे हसले. पुढे रीतच पडली. दुपारी माठ चुडा भरलेल्या नवरीसारखे दिसायचे. कड्याला माती आणि माणूस यांत फरक कळत नव्हता. नऊ वर्षांत अकरा माणसं ओळीतच बसली ती उठली नाहीत. दाखल्यांवर हृदयविकार. डॉक्टर येणार म्हटल्यावर माठ मुकाट घरात गेले होते.

"काकू, एकच नोंद जुळत नाही," डॉक्टर वैजयंताजवळ येऊन बसल्या. आवाज मऊ केला. "दिगंबर लवटे. तुमचे यजमान ना? दुपारी दोनला गेले, असं दाखल्यावर आहे. पण त्यांचं कडं चारपर्यंत 'उत्तम' दाखवतंय. घड्याळ चुकलं असणार. तुम्ही हो म्हणालात, तर मुलांच्या लसीच्या कागदावर सही करून टाकते."

वैजयंताच्या सासूने, हौसाआत्याने, आधीच उत्तर दिलं. "घड्याळं असलीच, बाई. वाळू जाती आत." गेलेला मुलगा तिचाच होता. बोलताना तिने सुनेकडे पाहिलं नाही.

हो म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं तर माठांचं बिंग फुटणार, वस्ती उठणार, आणि सांगोल्यात परत जाण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. पण लसीला उतारा नाही; उद्या पोरांना टोचली, की ती जन्माची.

रेवा मांडीवर मलूल पडली होती. गाल लाल, केस कपाळाला चिकटलेले. वैजयंताने तिच्या कपाळावर तळहात ठेवला. हाताला काहीच कळेना. पोरीला ताप आहे की नुसतं ऊन लागलंय, हे तिला नातीच्या अंगाला हात लावून सांगता येत नव्हतं. हात तिने तसाच ठेवला.

"पोर काय म्हणाली मघाशी, ऐकलंत ना?" ती डॉक्टरांना म्हणाली. "तेवढं तरी तिला म्हणता येऊ द्या."

"वैजू," हौसाआत्या म्हणाली.

"घड्याळ बरोबर आहे, डॉक्टर. हे आकडे आमचे नाहीत, माठांचे आहेत. त्या दिवशी आमच्या ह्यांची अर्धी ओळ राहिली होती. त्यांच्या हातातलं कडं मीच काढून माठाला बांधलं."